नळीतली हळद

आमच्या डोंगरावर पाण्याच्या दोन जागा होत्या. खाली रस्त्याला लागून महापालिकेचा नळ, आणि वर खडकातला झरा. नळाला पहाटे तासभर पाणी यायचं. तेवढ्या वेळात साऱ्या डोंगराचे हंडे भरणं शक्य नसे, म्हणून निम्म्या बायका झऱ्यावर जायच्या. झऱ्याचं पाणी थंड आणि गोड होतं. आम्ही बहुतेक कोकणातल्या. ते पाणी तोंडात घेतलं की गावची विहीर आठवायची.

मी लग्न होऊन घाटकोपरला आले तेव्हा झऱ्याच्या वर नुसती झाडी होती. पुढे तिथेही खोल्या झाल्या, खोल्यांच्या मागे संडासाचे आडोसे झाले. त्या आडोशांमधलं सगळं झिरपून कुठे जातं याचा विचार आमच्यापैकी कोणीच केला नाही. पाणी दिसायला होतं तसंच होतं, नितळ.

मग एका वर्षी डोंगरावर कावीळ आली. आमच्या गल्लीत एकामागून एक चार माणसं आजारी पडली, त्यात माझा नवराही होता. साकीनाक्याला लेथवर काम करणारा धडधाकट माणूस, महिनाभर भिंतीला टेकून बसला. वरच्या अंगाला एक म्हातारा कावीळ उतरवायचा. काशाच्या वाटीत चुन्याची निवळी घ्यायचा आणि त्यात रोग्याचे हात चोळून चोळून धुवायचा. बघता बघता वाटीतलं पाणी पिवळं व्हायचं. तो वाटी सगळ्यांना दाखवायचा आणि म्हणायचा, "ही बघा, उतरली." नवऱ्याची वाटी मी स्वतः लांब नेऊन ओतली होती, कोणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून. ही वाटी आमच्या गल्लीतल्या प्रत्येक बाईने पाहिलेली होती. पुढे जे झालं ते या वाटीमुळे झालं.

त्याच वर्षी माझी धाकटी जाऊ गावाहून आली. दिराची गिरणी संपात बंद पडली ती पडलीच. त्याला सांताक्रूझला विमानतळावर सामान उचलायचं काम लागलं, तेव्हा त्याने तिला आणलं. आमच्या शेजारचीच खोली मिळाली. गावी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. इथे आली आणि तिला पुन्हा दिवस गेले. मी तिला दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी आम्ही कुठे राहतो ते विचारलं आणि हातातलं पेन खाली ठेवलं.

"तिथे कावीळ आहे ना? पोटुशी बाईला झाली तर आई आणि मूल दोन्ही जाऊ शकतात. पाणी सांभाळा हिचं."

जाऊ बाहेर येऊन बाकावर बसली. म्हणाली, "वैनी, पाणी कसं सांभाळायचं असतं?" मला तरी कुठे ठाऊक होतं.

संस्थेची माणसं आली ती या सुमाराला. पाण्याचंच काम करणारी संस्था होती, पैसे परदेशातून यायचे. त्यांनी वस्तीच्या मध्यावर सिमेंटची टाकी बांधली, खालच्या नळावरून पाणी चढवायला पंप बसवला आणि टाकीला चार तोट्या लावल्या. रोज पहाटे संस्थेचा माणूस येऊन टाकीत औषध टाकून जायचा. देखरेखीला एक ताई यायच्या. जाड चष्मा, सुती साडी, खांद्याला पिशवी. आम्हा सगळ्यांना त्या "मावशी" म्हणायच्या, त्यांच्याहून लहान होतो तरी.

त्यांनी घरोघर एक कागद वाटला. मी चौथी शिकलेली, त्यामुळे आमच्या गल्लीत तो पूर्ण वाचणारी मीच असेन. एका बाजूला मराठीत माहिती आणि दुसऱ्या बाजूला फोटो. कुठल्या तरी दूरच्या देशातली काळीसावळी बाई डोक्यावर भांडं घेऊन चाललेली. तिच्याही डोक्यावर चुंबळ होती, आमची असते तशीच, जुन्या कापडाची पिळून केलेली. हे मला कोणीतरी घरचं माणूस भेटावं तसं वाटलं. तो फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

पहिल्या दिवशी ताईंनी सगळ्या बायकांना टाकीपाशी बोलावलं. पिशवीतून बोटाएवढी काचेची नळी काढली, तोटीचं पाणी तिच्यात धरलं आणि वरून एका बारक्या बाटलीतले चार थेंब टाकले. नळी हलवून उन्हात धरली. पाणी पिवळं झालं.

"बघा," ताई हसून म्हणाल्या, "छान पिवळं झालं. म्हणजे पाणी उत्तम. आता बिनधास्त प्या."

सगळ्यांनी तोटीवर हंडे भरून घेतले. ताईंना वाटलं सगळ्यांना पटलं. त्या पिशवी उचलून खाली उतरल्या. त्या वळणाआड जाईपर्यंत सगळ्या उभ्या राहिल्या आणि मग एकेकीने आपला हंडा आडवा केला. पाणी उतारावरून वाहत गेलं.

आमच्या गल्लीत मालवणकडच्या एक काकी होत्या. वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि त्यांचा शब्द शेवटचा. त्या म्हणाल्या, "बघितलात मां? कावीळ दाखवून गेली ती बाय. आणि वर म्हणता, प्या."

मी कागद वाचला होता. त्यात लिहिलं होतं की पाण्यात औषध असेल तर नळीत पिवळा रंग येतो. मी म्हणाले, "काकी, कागदात तसं नाही लिहिलेलं. तो रंग औषधाचा आहे." माझा आवाज मुळातच लहान, त्यात एवढ्या बायका. मला दोनदा सांगावं लागलं.

"तू चौथी शिकलंस गो," काकी म्हणाल्या. "मी चार पोरां वाढवलंय. माका शिकवू नको."

सगळ्या हसल्या. हसण्यात वाईट काही नव्हतं, काकी बोलल्या की हसायचंच असे. पण माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि मी हंडा घेऊन घरी आले. माझ्या हंड्यात टाकीचं पाणी तसंच होतं. नवऱ्याला मी तेच दिलं, मीही तेच प्यायले. जाऊ मात्र माझ्याबरोबर परत आली नाही. ती काकींच्या मागोमाग झऱ्यावर गेली.

मी तिला समजावून पाहिलं. कागद वाचून दाखवला. ती खाली मान घालून तांदूळ निवडत होती.

"वैनी, तुमचं खोटं नाही म्हणत मी. पण सगळ्या एक सांगतायत आणि तुम्ही एकट्या दुसरं. माझं एक गेलंय. मी कोणाचं ऐकू?"

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू कशाला मधे पडतेस? उद्या काही झालं तर तुझ्या नावाने बोंब."

ताई दर आठवड्याला येत. टाकी काठोकाठ भरलेली बघत आणि विचारत, "मावशी, पाणी भरता ना?" बायका म्हणत, "भरतो की." तोंडावर नाही म्हणणं आमच्याकडे चांगलं दिसत नाही. एकदा त्यांनी झऱ्याच्या पाण्याचीही नळी करून दाखवली, फरक कळावा म्हणून. झऱ्याचं पाणी पांढरंच राहिलं. त्या म्हणाल्या, "बघा, यात काहीच नाही." त्यांना म्हणायचं होतं की यात औषध नाही. पण काकींनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं, म्हणजे झालं ना आता, बाईच सांगते आहे की झऱ्यात काही नाही. त्या दिवसापासून माझ्याशिवाय टाकीवर चिटपाखरू फिरकेना.

मग मी एक गोष्ट केली. ती आजवर मी फारशी कोणाला सांगितलेली नाही.

जाऊ दुपारी जेवून झोपायची. तिच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं असे. मी आत जायचे, तिचा माठ मोरीत रिकामा करायचे आणि टाकीचं पाणी भरून ठेवायचे. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून जोडवी काढून पदराला बांधायचे. पाच दिवस असं केलं. माझ्या मनात एकच होतं, हिच्या पोटात ते पाणी जाऊ नये. आपण हिला फसवतो आहोत हे कळत होतं, पण बोलून समजावण्यापेक्षा हे मला सोपं वाटलं. बोलण्याचीच मला भीती होती.

सहाव्या दिवशी मी माठ उचलला आणि मागून आवाज आला.

"तरीच म्हटलं, पाण्याला वास कसला येतो."

ती उठून बसली होती. रागाने तिला रडू फुटत होतं आणि ती ते आवरत होती. "वैनी, तुम्ही माझ्या बाळाला कावीळ पाजत होता? तुम्ही?"

मी माठ तसाच ठेवला आणि बाहेर आले. तिने आतून कडी घातली. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं. कालवणाची देवाणघेवाण बंद झाली. ती सकाळी माझ्या दारावरून झऱ्याकडे जायची तेव्हा तोंड पलीकडे करून जायची. सहा महिन्यांची पोटुशी, डोक्यावर हंडा. तिला हाक मारायला मी तोंड उघडायचे आणि मिटायचे.

पुढच्या खेपेला ताईंनी पिशवी उघडलीच नाही. त्यांनी बायकांना सांगितलं, "नाहूरकडची एक वस्ती टाकी मागते आहे. तुम्हाला नको असेल तर महिन्याभरात पंप तिकडे न्यावा लागेल. रागावून नाही सांगत, पण पाणी नुसतं साठून काय उपयोग?" बायका म्हणाल्या, "नको नको, राहू दे, आम्ही भरतो." आणि पांगल्या.

ताई उताराला लागल्या. मी घरातून बघत होते. मग चपला न घालताच त्यांच्या मागे धावले आणि खालच्या वळणावर त्यांना गाठलं. दम लागला होता. ते एक बरं झालं, आवाज कापतो आहे तो दमामुळे असं त्यांना वाटलं असेल.

"ताई, त्या पाणी भरत नाहीत. पहिल्या दिवशी भरलेलं पण ओतून दिलं. त्यांना वाटतं ती कावीळ आहे."

"कुठली कावीळ?"

"नळीतली. पिवळी."

मी त्यांना काशाच्या वाटीची गोष्ट सांगितली. ताई तिथेच दगडी पायरीवर बसल्या. चष्मा काढून पदराने पुसला. "अरे देवा," त्या हळूच म्हणाल्या. "दर आठवड्याला मी येऊन हेच दाखवत होते." मग त्यांनी मला विचारलं, "मग काय करू या, मावशी?"

काय करू या असं मला तोपर्यंत कोणी विचारलं नव्हतं, घरातही नाही. मी विचार करायला लागले. खालून कोणाच्या तरी घरातून फोडणीचा वास येत होता. मी म्हणाले, "डाळ पिवळी होते ती आपण हळद घालतो म्हणून. घालताना बघितलं तर कोणी घाबरत नाही. टाकीत औषध पडतं ते कोणीच बघत नाही. त्यांच्या हाताने पडायला हवं."

"मग तुम्हीच दाखवा," ताई म्हणाल्या. "मी दाखवलं की काय होतं ते बघितलंत ना? मी येऊन नुसती बसेन."

जाऊला सातवा लागला तेव्हा तिची ओटी भरायची होती. सासूबाई नव्हत्या, म्हणून मान माझा. ती बोलत नव्हती तरी ओटीला मला नाही म्हणणं शक्य नव्हतं. गल्लीतल्या सगळ्या बायका तिच्या खोलीत दाटीवाटीने बसल्या. ताई दाराशी बसल्या होत्या. मी जाऊला हळदकुंकू लावलं, खण-नारळ, तांदूळ पदरात घातले. तिने वाकून नमस्कार केला, पण वर पाहिलं नाही.

कोकमाचं सरबत करायचं होतं. काकी म्हणाल्या, "कुठल्या पाण्याचा करतंस गो?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी कमरेला खोचलेली नळी काढली. ताईंनी दिलेली थेंबांची बारकी बाटलीही पुढ्यात ठेवली.

"काकी, तुमच्या तांब्यातलं पाणी द्या," मी म्हणाले. काकींनी झऱ्यावरून आणलेला तांब्या पुढे केला. मी नळी भरली, चार थेंब टाकले, हलवली. पाणी पांढरं.

"म्हटलंय मां," काकी म्हणाल्या.

मी ते ओतलं आणि नळी पुन्हा त्याच तांब्यातून भरली. टाकीत घालतात त्या औषधाची बाटली काकींच्या हातात दिली. "आता हा एक थेंब तुम्ही घाला."

काकींनी बाटली हुंगली आणि तोंड वाकडं केलं. "परटाच्या घरचो वास." मग डोळे बारीक करून थेंब टाकला. एकाऐवजी दोन पडले. त्यावर मी बारक्या बाटलीतले चार थेंब टाकले आणि नळी दारातल्या उजेडात धरली. पाणी पिवळं झालं, नुसतं पिवळं नाही, केशरीच म्हणा.

पलीकडच्या खोलीतली एक बाई होती, फार बोलकी. ती म्हणाली, "घ्या. झऱ्याला कावीळ झाली. काकींनी घातली."

एकजण फिसकन हसली, मग दुसरी, मग सगळ्याच. काकी बाटलीकडे बघत राहिल्या. मला त्या हसण्याच्या वरचढ बोलावं लागलं.

"कावीळ नाही ती. हळद म्हणा. आमटीत हळद पडली की रंगावरून कळतं, तसं पाण्यात औषध पडलं की या नळीत कळतं. रंग नाही आला तर औषध नाही. मग त्या पाण्यात काय आहे ते आपल्याला दिसत नाही. झऱ्याच्या वर आता किती आडोसे झालेत ते तुम्हीच मोजा."

एवढं लांब मी कधी चारचौघींत बोलले नव्हते. ताईंकडे पाहिलं तर त्या जमिनीकडे बघत होत्या, मुद्दाम.

काकींनी नळी माझ्या हातातून घेतली. उजेडात फिरवून बघितली. "हळद जास्त पडली," त्या म्हणाल्या.

"हात सढळ आहे तुमचा," ती बोलकी बाई म्हणाली.

तेवढ्यात जाऊ उठली. सातवा महिना, हिरवी साडी, पदरातले तांदूळ सांडू नयेत म्हणून ओटी एका हाताने धरलेली. कोपऱ्यातली कळशी तिने दुसऱ्या हाताने उचलली आणि माझ्यासमोर ठेवली. "वैनी," ती म्हणाली. इतक्या दिवसांनी तिने हाक मारली. "टाकीवरून आणा. सरबताला."

मी कळशी घेऊन बाहेर पडले आणि तोटी सोडून कितीतरी वेळ नुसती उभी राहिले. कळशी भरून वाहायला लागली तरी माझं लक्ष नव्हतं.

सरबत सगळ्यांनी घेतलं असं नाही. काही जणींनी ओठाला लावून ठेवलं. काकींनी तर वाटी खाली ठेवली ती ठेवलीच. पण दुसऱ्या दिवशी टाकीवर सहा हंडे होते, आठवड्याने वीसेक झाले. औषध घालायची पाळी बायकांनी वाटून घेतली. नळी माझ्याकडे असायची. सकाळी पाणी भरायला आलेल्या बायका लांबूनच विचारायच्या, "हळद लागली का गं?" मी नळी वर करून दाखवायचे. लग्नघरातल्यासारखं ते बोलणं चालायचं आणि त्यावरून नको ते विनोदही व्हायचे. पंप नाहूरला गेला नाही. तिकडच्या वस्तीला पुढे दुसरी टाकी मिळाली असं ताई म्हणाल्या. काकींनी एक तांब्या झऱ्याचा चालूच ठेवला. देवाला झऱ्याचं आणि माणसांना टाकीचं, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. त्यावर कोणी वाद घातला नाही.

माठाबद्दल जाऊ आणि मी कधी बोललो नाही. मी मात्र तिच्या खोलीत जाताना जोडव्यांचा आवाज होईल असं पाऊल टाकायला लागले.

तिला कळा सुरू झाल्या त्या सकाळी. टाकीच्या पाण्याची बाटली बरोबर घेऊन तिला महापालिकेच्या दवाखान्यात नेलं. बाळंतिणींच्या खोलीत मला थोडा वेळ तिच्याजवळ बसू दिलं होतं. ती घामाने भिजली होती, ओठ कोरडे पडले होते. म्हणाली, "वैनी, हळदीचं आणलंत ना?"

तिथल्या नर्सबाईंनी ऐकलं आणि त्या माझ्यावरच आल्या. "काय हो, कसलं हळदीचं पाणी पाजताय? इथे हे गावठी उपचार चालणार नाहीत. द्या ती बाटली इकडे."

त्यांनी हात पुढे केला. पांढरे कपडे, मोठा आवाज, खोलीतल्या साऱ्या बायका माझ्याकडे बघताहेत. आधीची मी असते तर बाटली देऊन भिंतीशी उभी राहिले असते. मी बाटली छातीशी धरली आणि त्यांना नळी, थेंब, टाकी, काकी, काशाची वाटी, सगळं पहिल्यापासून सांगितलं. मधे जाऊला कळ आली की थांबायचे, ती ओसरली की पुढे सांगायचे. नर्सबाईंनी बाटलीचं बूच काढून वास घेतला.

"औषधाचं पाणी म्हणा ना मग सरळ," त्या म्हणाल्या. "दोन घोट द्या. जास्त नको."

मी जाऊच्या मानेखाली हात घातला आणि तिला दोन घोट पाजले. संध्याकाळच्या आत मुलगी झाली. आम्ही दोघींनी आधी तिचे डोळे बघितले, मग तळवे. दोन्ही स्वच्छ होते.